एक किलोमीटरचं वर्तुळ : शाळेचं अंतर आणि घराचा पत्ता यांचा अभ्यास कसा करायचा?



पेट किंवा सेटची तयारी करणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "संशोधनाला विषय कुठून आणायचा?" आज याचं सरळ उत्तर देण्यापेक्षा एक विषयच सुरुवातीपासून उलगडून पाहू. विषय आपल्या सोलापुरातला आहे. त्यातली आकडेमोड शाळेतल्या भूमितीच्या पुढे फारशी जात नाही. पण तो निष्काळजीपणे हाताळला तर एखाद्या मुलाची शाळा जाऊ शकते, म्हणून तो शिकण्यासाठी चांगला आहे.

प्रश्न असा : कुटुंब राहायची जागा निवडतं तेव्हा शाळेच्या अंतराला त्यात किती वजन असतं?

आधी शब्द समजून घेऊ

या विषयावरच्या लेखांत 'कॅचमेंट' हा शब्द सारखा येतो. आपल्याला तो पाण्याच्या संदर्भात माहीत आहे. उजनीचं पाणलोट क्षेत्र म्हणजे जिथे पडलेला पाऊस शेवटी उजनीत येतो तो सगळा भाग. शाळेचंही तसंच. ज्या भागात राहणारी मुलं ठरावीक शाळेत जातात तो त्या शाळेचा कॅचमेंट. फरक एवढाच, की पाणलोटाची रेषा डोंगरउतार ठरवतो आणि शाळेची रेषा सरकारी कागद.

अमेरिकेतल्या अनेक शहरांत ही रेषा अगदी काटेकोर असते. रस्त्याच्या या बाजूची मुलं एका सरकारी शाळेत, त्या बाजूची दुसऱ्या शाळेत. त्यामुळे घर घेताना माणूस शाळाही 'विकत' घेतो, आणि त्याचा परिणाम घरांच्या किमतीत दिसतो.

सोलापुरात असं आहे का? फी भरू शकणाऱ्या पालकाला असली कुठलीच रेषा नाही. जुळे सोलापुरात राहून मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घालता येतं. रिक्षा किंवा व्हॅन लावली की झालं. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असा नियम आहे, पण ती सरकारची जबाबदारी आहे. पालकाने तिथेच जावं असं बंधन त्यात नाही.

मग हा विषय आपल्याकडे लागूच नाही? लागू आहे, पण वेगळ्या दाराने आत येतो. ते दार म्हणजे आरटीईच्या २५ टक्के जागा.

आपल्याकडचं वर्तुळ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या असतात. महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात. अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, इतर मागासवर्ग, दिव्यांग अशा वंचित गटांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं.

आता महत्त्वाचा भाग. अर्ज भरताना पालकाला नकाशावर आपल्या घराची जागा दाखवावी लागते. तिथून शाळेचं अंतर मोजलं जातं. एखाद्या शाळेच्या जागा भरताना आधी एक किलोमीटरच्या आतले अर्ज, मग एक ते तीन किलोमीटरचे, आणि त्यानंतरही जागा उरल्या तर त्याहून लांबचे, असा क्रम असतो. पालक जास्तीत जास्त दहा शाळा निवडू शकतो.

म्हणजे अमेरिकेत शाळेभोवती सीमा आखलेली असते, आणि आपल्याकडे प्रत्येक घराभोवती एक अदृश्य वर्तुळ असतं. घर हललं की वर्तुळ हलतं. आणि हे वर्तुळ मोफत जागा मागणाऱ्यालाच लागू आहे. फी भरणाऱ्या पालकाला ते नाही. पूर्ण लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, कारण पुढचे सगळे प्रश्न इथूनच निघतात.

एक छोटं गणित करू. सोलापूर महापालिकेचं क्षेत्रफळ सुमारे १७८.५७ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८. म्हणजे सरासरी घनता चौरस किलोमीटरला सुमारे ५,३३०. एक किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस किलोमीटर. म्हणजे एका वर्तुळात सरासरी पावणेसतरा हजार माणसं. त्रिज्या तीन किलोमीटर केली तर क्षेत्रफळ तिप्पट होत नाही, नऊपट होतं. एक किलोमीटरच्या बाहेर पडलं की आपण आठपट मोठ्या पट्ट्यातल्या लोकांबरोबर रांगेत उभे राहतो, तेही आतल्यांचं वाटप झाल्यावर.

ही सरासरी झाली. प्रत्यक्षात पूर्व भागातल्या जुन्या कामगार वस्त्या दाट आहेत, तर १९९२ नंतर शहरात आलेल्या हद्दवाढ भागात मोकळी जागा बरीच होती. तेव्हा सगळ्यांचं वर्तुळ मापाने सारखं असलं तरी आतली गर्दी सारखी नसते. वर्तुळातल्या शाळाही सारख्या नसतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना २५ टक्क्यांची ही तरतूद लागू नाही; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ आणि २०१४ च्या निकालांनी ते स्पष्ट झालं आहे. सोलापुरात मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमाच्या शाळांची जुनी परंपरा आहे, भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याकांच्या संस्थाही आहेत. त्यामुळे नकाशावर घराजवळ पाच शाळा दिसल्या तरी त्यांतल्या किती शाळांत आरटीईची जागा आहे आणि ती कोणत्या माध्यमाची आहे, हे वेगळं मोजावं लागतं.

बाहेरच्या अभ्यासांनी हे कसं मोजलं?

समजा, एका नावाजलेल्या शाळेजवळ घरभाडं जास्त आहे. ते शाळेमुळे आहे असं म्हणता येईल का? सोलापूरकर लगेच विचारेल, "तिथे पाणी किती दिवसांआड येतं?" शहराच्या अनेक भागांत चार-पाच दिवसांआड पाणी यायचं ते आपण वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्या गल्लीत बोअर आहे, रस्ता चांगला आहे, दवाखाना जवळ आहे, तिथे भाडं जास्त असणारच. आणि बऱ्याचदा शाळाही अशाच भागात निघते. मग भाड्यातला कोणता रुपया शाळेचा आणि कोणता पाण्याचा?

यावर सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक युक्ती वापरली. त्यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली अशी घरं घेतली, जी शाळांच्या हद्दीच्या रेषेला अगदी लागून होती. रेषेच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर : रस्ता तोच, कर तोच, परिसर तोच, फक्त शाळा वेगळी. मग किमतीतला फरक शाळेच्या खात्यावर टाकता येतो. शाळेचे चाचणीगुण ५ टक्के जास्त असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के जास्त मोजतात, असं त्यांना दिसलं.

या युक्तीचं मूळ आणखी जुनं आहे. १९६० मध्ये थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी शिष्यवृत्तीच्या कटऑफच्या थोडे वर आणि थोडे खाली असलेल्या विद्यार्थ्यांची तुलना केली होती. कटऑफ ९० असेल तर ८९ वाला आणि ९१ वाला यांच्यात हुशारीचा फरक नगण्य, पण एकाला शिष्यवृत्ती मिळाली आणि एकाला नाही. आज या पद्धतीला 'रिग्रेशन डिस्कंटिन्यूइटी' म्हणतात. नाव भारदस्त आहे, कल्पना मात्र एवढीच.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००७ मध्ये बायर, फरेरा आणि मॅकमिलन यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसराचा अभ्यास केला. त्यांनी विचारलं, रेषेच्या दोन्ही बाजूंना खरंच सारखीच माणसं राहतात का? चांगल्या शाळेच्या बाजूला कालांतराने जास्त शिकलेली, जास्त कमावणारी कुटुंबं येऊन राहतात. मग नंतर येणारा माणूस शाळेसाठी पैसे मोजतो की शेजाऱ्यांसाठी? शेजाऱ्यांचा हिशेब वेगळा काढल्यावर शाळेच्या ५ टक्के सुधारणेची किंमत एक टक्क्याहूनही कमी भरली.

तुम्ही संशोधनात उतरणार असाल तर या दोन निबंधांची जोडी नक्की वाचा. दुसऱ्याने पहिल्याला खोटं ठरवलेलं नाही. पहिल्याने जे गृहीत धरलं होतं त्यालाच दुसऱ्याने प्रश्न केला. चांगलं संशोधन पुष्कळदा असंच पुढे सरकतं.

हीच पद्धत सोलापुरात का चालत नाही?

आता बरेच विद्यार्थी एक सोपा मार्ग धरतात. परदेशी निबंध घ्यायचा, शहराचं नाव बदलायचं, आपला डेटा टाकायचा. 'सोलापुरात आरटीई शाळांच्या एक किलोमीटर आतल्या आणि बाहेरच्या घरांच्या किमतींची तुलना' असं शीर्षक ऐकायला छान वाटतं. पण ते चालणार नाही. कारणं क्रमाने बघू.

पहिलं, ज्यांना हे वर्तुळ लागू आहे ती कुटुंबं बहुतेक वेळा घर विकत घेत नाहीत. त्यांतली बरीच भाड्याच्या खोलीत, जुन्या वाड्यात, चाळीत नाहीतर वडिलोपार्जित छोट्या घरात राहतात. आणि ज्यांच्या खरेदीने बाजारभाव ठरतो, त्यांना वर्तुळाशी देणंघेणं नाही. त्यामुळे परिणाम असला तरी तो खरेदीच्या किमतीत दिसायची शक्यता कमी.

दुसरं, किमतीचा डेटा म्हणून अनेक जण रेडी रेकनरचे दर घेतात. ते सरकारने मुद्रांक शुल्कासाठी ठरवलेले दर आहेत, विभागवार असतात. शेजारच्या दोन घरांतला फरक त्यात सापडणारच नाही.

तिसरं, आपल्याकडची रेषा धूसर आहे. आत असलं म्हणजे जागा पक्की नाही, सोडत आहे. बाहेर असलं म्हणजे जागा नाहीच असंही नाही. २०२३-२४ मध्ये राज्यात एक लाखाच्या आसपास जागांसाठी साडेतीन लाखांहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे रेषा ओलांडल्याने फक्त शक्यता बदलते.

चौथं, अंतर कोणतं धरायचं? नकाशावरचं सरळ अंतर आणि सहा वर्षांच्या मुलाला चालावं लागणारं अंतर यांत मोठा फरक पडू शकतो. घर रेल्वे रुळांच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे असेल, किंवा मधे संभाजी तलाव असेल, तर सरळ रेषेतला एक किलोमीटर पायी बराच लांब होतो. त्यामुळे नियमात बसणारं अंतर आणि जगण्यातलं अंतर असे दोन स्तंभ तुमच्या तक्त्यात हवेत.

मग आपण काय विचारायचं? किंमत नाही. आपण विचारायचं : या कुटुंबांचं राहणं बदलतं का, त्यांचा पत्ता बदलतो का, आणि जागा मिळाल्यावर ती अडकून पडतात का? हे तीन वेगळे प्रश्न आहेत. एकेक घेऊ.

राहणं आणि पत्ता एकच नाही

आरटीईच्या अर्जाला निवासाचा पुरावा लागतो. स्वतःचं घर असेल तर वीजबिल, घरपट्टी वगैरे असतं. भाड्याने राहणाऱ्याला मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला भाडेकरार लागतो, आणि तोही अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा.

कायद्याने पाहिलं तर हे अवघड नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. खर्चही डोंगराएवढा नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. महिना चार हजार भाडं आणि ११ महिन्यांचा करार धरला तर ४४ हजारांवर ११० रुपये. अनामत असेल तर त्यावर थोडं जास्त. शहरी भागात नोंदणी फी एक हजार, वर एजंटचे पैसे.

मग अडतं कुठे? अडतं मालकाच्या होकारापाशी. "करार केला तर भाडेकरू कायमचा बसेल," "घरपट्टी वाढेल," ही भीती अजून गेलेली नाही. तोंडी व्यवहारावर वर्षानुवर्षं एकाच खोलीत राहिलेलं कुटुंब कागदावर तिथे राहतच नाही. त्याचं वर्तुळ जमिनीवर आहे, पोर्टलवर नाही. दुसरीकडे, ज्याच्या ओळखीचा मालक आहे आणि हाताशी दीड-दोन हजार आहेत, त्याला जिथे राहत नाही तिथलाही करार करून घेता येतो. असे प्रकार रोखण्यासाठी पडताळणी समित्या असतात, आणि पत्ता खोटा निघाला तर प्रवेश रद्द होतो. पण संशोधक म्हणून तुम्ही हे ओळखा, की एकच नियम दोन उलट्या चुका घडवू शकतो : खरा रहिवासी बाहेर राहतो आणि कागदी रहिवासी आत येतो.

हे मोजता येईल का? इथे २००८ मध्ये मॅक्रेरी यांनी मांडलेली घनतेची चाचणी उपयोगी पडते. कल्पना साधी आहे. रेषेच्या आतबाहेर पत्त्यांची संख्या सलग असायला हवी. रेषेवरच अचानक उडी किंवा घसरण दिसली तर कुणीतरी मुद्दाम जागा निवडतंय.

आपलं उदाहरण घ्या. शाळेपासून ९०० ते १००० मीटरचा पट्टा ०.६० चौरस किलोमीटरचा भरतो, आणि १००० ते ११०० मीटरचा ०.६६ चा. वस्ती सारखी असेल तर बाहेरच्या पट्ट्यात साधारण १० टक्के जास्त घरं हवीत. पण अर्जांमध्ये बाहेरून खूप कमी पत्ते आले तर?

"सापडली चोरी!" असं लगेच लिहू नका. बाहेर राहणाऱ्याने ती शाळा निवडलीच नसेल, कारण नंबर लागण्याची आशा कमी. दहाच शाळा निवडायच्या असतील तर माणूस जवळच्याच भरणार. म्हणजे घसरण प्रामाणिक निवडीमुळेही येते. फरक कळण्यासाठी दुसरी खूण लागते : रेषेच्या आतल्या कडेवरच्या अर्जांत, अर्जाच्या तारखेच्या आधी महिना-दोन महिन्यांत झालेल्या करारांचं प्रमाण मधल्या भागापेक्षा जास्त आहे का? दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर दाव्यात वजन येतं. तरीही तो दावा एकत्रित आकड्यांबद्दलच असतो. कुठल्या एका घराबद्दल तो काही सांगत नाही.

मुलाचं वय ही चांगली खूण

आता खऱ्या स्थलांतराचा प्रश्न. कुटुंबं शाळेसाठी खरंच खोली बदलतात का? त्यासाठी वय वापरा. पहिलीचा प्रवेश साधारण सहाव्या वर्षी होतो. शाळेसाठी घर बदलायचं तर ते मूल चार-पाच वर्षांचं असताना. मूल नऊ-दहा वर्षांचं झाल्यावर आरटीईसाठी घर बदलून उपयोग नाही, कारण प्रवेश सुरुवातीच्याच वर्गात मिळतो.

मग दोन गट करा : लहान मुलांची कुटुंबं आणि मोठ्या मुलांची कुटुंबं. प्रत्येकात पुन्हा दोन : आरटीईला पात्र आणि अपात्र. कामासाठी, पाण्यासाठी, भांडणामुळे, मालकाने काढल्यामुळे घर बदलणं या चारही गटांत असेल. पण लहान मूल असलेल्या पात्र कुटुंबांतच ते लक्षणीय जास्त असेल, तर तो जास्तीचा भाग आरटीईच्या खात्यावर टाकता येईल. याला 'फरकातला फरक' म्हणतात. मुलाखतीत थेट "शाळेसाठी घर बदललं का?" विचारलं तर लोक तुम्हाला आवडेल ते उत्तर देतात. फक्त गेल्या पाच वर्षांतल्या घरांची यादी आणि महिने विचारले, तर उत्तर आकड्यांतून मिळतं.

जागा मिळाल्यावरचं अडकणं

तिसऱ्या प्रश्नावर माझ्या मते सोलापुरात सगळ्यात चांगलं संशोधन होऊ शकतं.

आरटीईची जागा आठवीपर्यंत असते, पण ती त्या शाळेतली जागा असते. घर शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं तर जागा सोबत येत नाही. आणि आपल्या शहरात घर दुसऱ्या टोकाला नेण्याचं मोठं कारण घडलेलं आहे. अक्कलकोट रस्त्यावर कुंभारी इथे आधी विडी कामगार महिलांसाठी गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची. त्यानंतर तिथेच रे नगर उभं राहिलं, असंघटित कामगारांसाठी ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यांतल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं.

आता एक कल्पित कुटुंब घ्या. पूर्व भागात भाड्याची खोली. आई विड्या वळते. पानं-तंबाखू आणायला आणि वळलेल्या विड्या द्यायला कारखाना जवळ हवा. वडील यंत्रमागावर. मुलीला घराजवळच्या इंग्रजी शाळेत सोडतीने जागा लागलेली, आता ती दुसरीत. आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची चावी मिळते, शहराबाहेर.

हे कुटुंब काय करेल? मुलीची मोफत जागा सोडून घरात जाईल? रोज लांबून ये-जा करेल? नवं घर बंद ठेवून भाडं भरत राहील? की मुलीला मामाकडे ठेवेल? प्रत्येक वाटेची किंमत वेगळी, आणि ती पैशांत, वेळेत आणि आईच्या कामाच्या तासांत मोजावी लागते. दोन्ही योजना कुटुंबाच्या भल्यासाठीच आहेत. एक योजना म्हणते जवळ राहा, दुसरी म्हणते लांब जा. सरकारच्या दोन वेगवेगळ्या खात्यांनी दिलेले हे दोन लाभ एकाच स्वयंपाकघरात समोरासमोर येतात. 'घर मिळालं' आणि 'प्रवेश मिळाला' हे दोन्ही आकडे आपापल्या अहवालात यश म्हणून नोंदले जातात. त्यांच्यातली ओढाताण कुठल्याच अहवालात येत नाही. ती मोजणं हे संशोधकाचं काम.

२०२४ चा धडा

नियम बदलला की संशोधकाला आयता प्रयोग मिळतो असं आपण शिकतो. महाराष्ट्रात असा बदल झाला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने ठरलं, की ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्के जागांतून सूट. इतके दिवस जवळीक दाखवून जागा मिळत होती. आता तोच एक किलोमीटर जागा नाकारण्यासाठी वापरला गेला. दाट शहरात महापालिकेची किंवा अनुदानित शाळा किलोमीटरभरात बहुधा असतेच, त्यामुळे खासगी शाळांचा पर्याय जवळजवळ पुसला जाणार होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो मूळ कायद्याशी विसंगत म्हणून रद्द केला. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

याचा वापर घरांच्या अभ्यासात करता येईल का? अर्जांवरचा परिणाम पाहायला येईल. घर बदलण्यावरचा परिणाम पाहायला नाही, कारण तीन महिन्यांत कुणी बिऱ्हाड हलवत नाही. प्रयोगाची मुदत आणि निर्णयाची मुदत जुळते का, हे आधी तपासायचं असतं. आराखडा सादर करताना मार्गदर्शक पहिला प्रश्न नेमका हाच विचारतात.

शेवटी, डेटा आणि जबाबदारी

शाळांची माहिती यू-डायसवर मिळते, शाळानिहाय आरटीई जागा प्रवेशाच्या पोर्टलवर दिसतात. नकाशासाठी क्यूजीआयएस मोफत आहे. घरांच्या हालचालीची माहिती मात्र तयार मिळत नाही. त्यासाठी वस्तीत जाऊन सर्वेक्षणच करावं लागतं.

आणि तिथे सगळ्यात जास्त जपायचं. तुमच्या वहीत एखाद्या आईने विश्वासाने सांगितलेलं असेल, "करार तिकडचा आहे, आम्ही इकडे राहतो." ती ओळ, घराचा नंबर आणि मुलाचं नाव एका पानावर असेल, तर ते पान चुकीच्या हातात पडल्यावर त्या मुलाचा प्रवेश जाऊ शकतो. म्हणून नावं घेऊच नका, घराला सांकेतिक क्रमांक द्या, नकाशावरचा बिंदू शे-दोनशे मीटर सरकवून छापा, आणि क्रमांकांची किल्ली वेगळी ठेवा. नीती समितीची परवानगी सर्वेक्षणाच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही.

हे वाचून झाल्यावर एक काम करा. आपल्या घराभोवती नकाशावर एक किलोमीटरचं वर्तुळ काढा. आतल्या शाळा लिहा, माध्यम लिहा, आरटीईच्या जागा आहेत का बघा. मग त्यातल्या एका शाळेपर्यंत सकाळी शाळेच्या वेळी चालत जा आणि घड्याळ लावा. नकाशातला आकडा आणि घड्याळातला आकडा शेजारी शेजारी लिहा. तुमच्या आराखड्याचा पहिला तक्ता तयार झाला.